तार चढेपर्यंत

माझा आकडा चौतीस आला, तेव्हा मला पहिल्यांदा राग आला तो यंत्राचा.

"नीट बघ गं बाई," मी त्या मुलीला म्हटलं. "चौदा असेल."

"चौतीसच आहे, काकू." तिचं नाव केतकी. सरकारी हेतुमापन केंद्रात साक्षीदार आणि आरोपींच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं तिचं काम. "साठच्या आत आहात, काळजी करू नका. बहुतेकांचा एवढाच येतो."

काळजी कसली करतेय. नटूनथटून लग्नाला जावं आणि मांडवात कुणीतरी कानात सांगावं की पदराला मागं डाग पडलाय, तसं झालं मला. मिरजेत सतार करणाऱ्यांच्या गल्लीत माझी मसाला कांडपाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून समोर निसारभाईंचं 'शारदा वाद्यालय'. नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलेलं. माझ्या मिरचीचा खकाणा उठला की निसारभाई आतून म्हणायचे, "ताई, आज सतारीला पण ठसका लागला बघा." मी म्हणायची, तुमच्या पॉलिशच्या वासानं माझा गरम मसाला नासतो, त्याचं काय ते आधी सांगा. असं आमचं आयुष्य गेलं. आणि आता हे यंत्र म्हणतंय, निसारभाईंच्या जमातीबद्दल माझ्या डोक्यात चौतीस भरेल एवढी अढी आहे.

बरं, ओजसचा किती आला असेल? नऊ. ज्यानं निसारभाईंचं दुकान जाळलं, त्याचा नऊ. ओजस माझ्या धाकट्या बहिणीचा, मनीषाचा मुलगा.

आता हा आकडा कसला, ते सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्या राज्यानं द्वेषगुन्ह्याचा कायदा केला. भांडणातून कुणी दुकान जाळलं तर नुकसान एका दुकानाचं. पण दुकानदार कोण आहे, कुठल्या जातीधर्माचा आहे, कुठून आलाय, हे बघून जाळलं, तर त्याच्यासारख्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून अशा गुन्ह्याला शिक्षा जास्त. आणि आमच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, गुन्हा द्वेषाचा ठरला तर ज्याचं जळलं त्याला सरकारनं त्याच जागी, होतं तसं उभं करून द्यायचं. जागामालकाला ना म्हणता येणार नाही. साधी जाळपोळ ठरली तर मात्र विम्याचे पैसे घ्या आणि आपल्या वाटेनं जा.

निसारभाईंची जागा भाड्याची होती. मालक कधीपासून तिथं चार मजले चढवायला टपलेला. म्हणजे खटल्याचा निकाल साध्या जाळपोळीचा लागला की निसारभाईंची गल्ली सुटली, हे उघड होतं. हुबळीची मुलगी बोलवतच होती. "तिथं जाऊन काय करू," ते म्हणायचे, "नातवंडांच्या शाळेच्या गाडीची वाट बघत बसू?"

पण द्वेष सिद्ध कसा करायचा? पहिल्या वर्षांत सगळे खटले तिथंच अडकायचे. आरोपी म्हणायचा, साहेब, माझ्या मनात काहीच नव्हतं. मनात हात घालून कोण बघणार. मग हेतुमापक आला.

केतकीनं मला ते समजावलं. एखादा चेहरा दिसला की हा कोण, हे आपल्याला कळायच्या आधीच मेंदू ठरवून मोकळा होतो, पुढं व्हायचं की मागं सरायचं. डोक्यात खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, तो भीतीनं जागा होतो. त्याच्या जवळ मेंदूची एक घडी आहे, ती नासक्या दुधाच्या वासानं जागी होते. आणि नकोशा माणसानंही तीच होते. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा विजेबरोबर अगदी क्षीण चुंबकत्व तयार होतं. पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र लागायचं आणि त्यात बर्फाहून कितीतरी गार द्रव भरून ठेवावा लागायचा. आता बटणाएवढ्या डबीत धातूची वाफ कोंडतात, तिच्यातून लेसरचा किरण सोडतात. चुंबकत्व जरा हललं की किरण मंदावतो. अशा डब्यांचं हेल्मेट घालून बसायचं. पडद्यावर चेहरे, नावं, पेहराव, जेवणाची ताटं झरझर सरकतात, कानात आवाज येत राहतात. खोटं बोलायचं म्हटलं तरी ते जुळवेपर्यंत मोजून झालेलं असतं.

आकडा साठच्या वर गेला की द्वेष, खाली राहिला की नाही. हे मूळ कायद्यात नव्हतं हं. ते मागून नियमांत घुसलं. पण आकडा मिळाला की माणसं खूश होतात. पोलीस खूश, वकील खूश, वर्तमानपत्रवाले खूश. मूळ कायदा वाचायचं कुणाच्या डोक्यातही येईना.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगते. कुणीतरी संगणकाकडून बनवून घेतलेलं, निसारभाईंच्या जमातीवर आळ घेणारं एक चित्रण गावभर फिरत होतं. ते खोटं होतं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. दिवेलागणीला घोळका आमच्या गल्लीत शिरला. बरीचशी माणसं बाहेरची. मी गिरणी बंद करून आत जाळीमागे उभी. निसारभाई मुलीकडे हुबळीला गेलेले. घोळका 'शारदा वाद्यालय' वाचून पुढं निघाला होता. आतला दुकानदार कोण, हे पाटीवरून कुणाला कळणार? पण त्यात ओजस होता. तो थांबला, आणि त्यानं दुकानाकडं हात केला.

ते शटर डावीकडून उचलून हलवलं की कुलूप निसटतं. लहानपणी ओजस तसाच आत शिरायचा. शाळा सुटली की दप्तर माझ्याकडं टाकायचं आणि निसारभाईंच्या मांडीशी जाऊन बसायचं. वाजवायला त्यांनीच शिकवलं. ईदेला शीरखुर्मा पहिला याला. निसारभाई त्याला ओजू म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर कुठल्याशा मंडळात जायला लागला आणि दुकानात बसणं बंद झालं. रस्त्यावरूनच हात करायचा. वय आहे, म्हणून आम्ही सोडून दिलं.

तर ओजसनं शटर उघडलं, बाकीच्यांना म्हणाला, "थांबा. आधी वाद्यं." आणि एकेक सतार, तंबोरा दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला, माझ्या ओट्यावर आडवा ठेवला. प्रत्येकाला नमस्कार केला. मग काडी ओढली. त्यानंच ओढली, चौकातल्या कॅमेऱ्यात स्वच्छ आलंय, त्यामुळं त्यावर वाद नव्हता. वाद एवढाच, की का.

"अक्का, तू जे बघितलंस तेवढंच सांग," मनीषा माझ्या गिरणीत येऊन म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "त्यानं सतारी वाचवल्या की नाही? ज्याच्या पोटात द्वेष आहे तो वाचवेल कशाला?"

"तेच तर मी पण म्हणते," मी म्हटलं. खरंच म्हणत होते. त्याचा नऊ आकडा ऐकून मला हलकं वाटलं होतं. पोरगं चुकलं, भरकटलं, पण आतून सडलेलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. पदरात वाढवलेल्या पोराबद्दल दुसरं काय म्हणणार होते?

निसारभाई परत आले ते रोज त्या काळ्या भिंतींत जाऊन बसायचे. दुपारी चहाला माझ्या ओट्यावर. एकदा चहा ओतता ओतता मी विचारलं, "तुम्हाला पण हेल्मेट घातलं म्हणे?"

"घातलं की. ओजूच्या वकिलांनी मागणी केली. माझा एक्केचाळीस."

"कुणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. आणखी कुणाबद्दल असणार?"

"माझा चौतीस," मी म्हटलं, आणि मग आम्हाला दोघांनाही असं हसू सुटलं की माझ्या हातातला चहा सांडला. त्यांचे डोळे पुसून होईनात.

"सात जास्त आहेत तुमचे," मी म्हटलं. "लाज वाटू द्या जरा."

"मिरचीमुळं असेल," ते म्हणाले. मग हसू ओसरलं. "ताई, डोक्यात काय काय साठतं, त्यावर कुणाचा ताबा असतो का? कधी काय ऐकलेलं असतं, कधी काय भोगलेलं. ते असून तुम्ही रोज चहा पाजला. मला तुमच्या चौतीसाचं काही वाटत नाही. पण ओजूचा नऊ मला खातो. नव्वद आला असता तर मी म्हटलं असतं, बाबा, माझं काहीतरी चुकलं, याच्या मनात मी कधीतरी वाईट ठरलो. राग नसताना जाळलं त्यानं. मग मी कोण होतो त्याच्या लेखी?"

मी कप उचलून आत गेले आणि उगाच कांडप चालू केलं.

खटला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात उभा राहिला. माझी साक्ष बचावाच्या बाजूनं. वकील देशिंगकर गोड बोलणारा माणूस. त्यानं मला विचारलं, ओजसनं वाद्यं कशी आणली, कुठं ठेवली, नमस्कार केला का. मी सगळं खरं सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू. देशिंगकर न्यायाधीश मॅडमकडं वळून म्हणाला, "आरोपीचा आकडा नऊ. कृती आदराची. हा गुन्हा आहे, पण द्वेषगुन्हा नाही." मनीषानं मागच्या बाकावरून माझ्याकडं बघून हात जोडले.

या कायद्यात ज्याचं नुकसान झालं त्याला स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो. निसारभाई उठले. मला वाटलं, आता हे बोलणार आणि रडणार. पण ते गिऱ्हाइकाशी बोलावं तसे शांतपणे बोलले.

"ताई, ओट्यावर ठेवलेल्या सगळ्या वाद्यांना तारा होत्या का?"

"होत्या," मी म्हटलं.

"माझ्याकडं तार न चढवलेल्या सतारी पण होत्या. दाराशीच टेकवलेल्या. त्यातली एखादी आली का बाहेर?"

एक आली होती. तारा नसलेली एक सतार ओजसनं उचलून उंबऱ्यापर्यंत आणली होती. ती उजेडात धरून फिरवून बघितली. आणि परत आत नेऊन ठेवली. कॅमेरा चौकातला, त्याला उंबरा दिसत नाही. बाकीचे पेट्रोलच्या बाटल्या उघडत होते. ते बघणारी मी एकटी होते आणि त्या क्षणापर्यंत मला त्यात काही आहे असं वाटलंही नव्हतं.

इथं आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. सतारीवर तारा चढवायच्या दिवशी निसारभाई मला हाक मारायचे. ते उदबत्ती लावायचे, मी भोपळ्याला हळदकुंकू वाहायची, मग तार चढायची. ओजस लहान असताना एकदा बिनतारांची सतार त्याच्या पायाला लागली. तो घाबरून नमस्कार करायला वाकला, तर निसारभाई हसले. "असू दे, असू दे. तार चढेपर्यंत हे माझं लाकूड आहे. तार चढली की तिचं." असं म्हणून त्यांनी पाटीवरच्या शारदेकडं बोट दाखवलं होतं. पुढं कितीतरी दिवस ओजस प्रत्येक सतारीपाशी जाऊन विचारायचा, चाचा, ही तुमची की तिची?

हे सगळं मला न्यायालयात उभ्या उभ्या आठवलं. "नाही" एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. मनीषाकडं बघितलं, ती अजून हात जोडून होती. निसारभाईंकडं बघितलं, तर ते माझ्याकडं बघतच नव्हते, ओजसकडं बघत होते. आणि ओजस खाली मान घालून. त्याला मी भरवलंय हो. त्याच्या अंगाला तेल लावलंय.

"एक आणली होती उंबऱ्यापर्यंत," मी म्हटलं. "तारा नव्हत्या तिला. त्यानं बघितलं आणि परत आत ठेवली."

देशिंगकर ताडकन उठला. न्यायाधीश मॅडमनी त्याला हातानं बसवलं. "परत का ठेवली असेल?" त्यांनी मला विचारलं. "तुम्हाला काही सांगता येईल?"

"येईल," मी म्हटलं, आणि हळदकुंकवापासून ते 'ही तुमची की तिची' पर्यंत सगळं सांगून टाकलं. "त्यानं देवीचं तेवढं बाहेर काढलं, मॅडम. निसारभाईंचं होतं ते आत ठेवलं. लाकूड, भोपळे, त्यांच्या वडिलांच्या कानशी. त्याला सगळ्याचीच कदर होती. फक्त माणूस त्यानं वेगळा काढला."

ओजसनं पहिल्यांदा मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी," तो म्हणाला, "मी असा विचार केला नव्हता."

"माहीत आहे बाळा," मी म्हटलं. मॅडम मला थांबवतील असं वाटलं, पण त्यांनी थांबवलं नाही.

निकालाच्या दिवशी मॅडमनी मूळ कायदा हातात घेऊन व्याख्या वाचून दाखवली. आरोपीला किती द्वेष वाटत होता, असं त्यात कुठंच विचारलेलं नव्हतं. विचारलेलं एवढंच, की बळी कशावरून निवडला. त्या म्हणाल्या, "यंत्रानं आरोपीच्या मनातली भावना मोजली. ती कमी आहे, हे न्यायालय मान्य करतं. साक्षीदार बाईंची आणि फिर्यादीची त्याच्यापेक्षा जास्त आहे, पण त्यांनी एकमेकांचं काही जाळलं नाही. भावनेला शिक्षा देणं हे कायद्याचं काम नाही. आरोपी उंबऱ्यावर उभा राहिला आणि काय वाचवायचं, काय जाळायचं याची त्यानं वाटणी केली. ती वाटणी फिर्यादीच्या धर्माच्या रेषेवरून झाली. द्वेषगुन्हा यालाच म्हणतात."

वाद्यालय त्याच जागी उभं करून द्यायचा हुकूम झाला. ओजसला सात वर्षांची शिक्षा. पुढच्या अधिवेशनात सरकारनं नियम बदलले. हेतुमापकाचा आकडा आता नुसता फाईलमधला एक कागद असतो, त्यावर निकाल ठरत नाही. केतकी एकदा मसाला न्यायला आली तेव्हा म्हणाली, काकू, तुमच्यामुळं आमचं काम निम्मं झालं. मी म्हटलं, मग शिकेकाई पण घेऊन जा, निवांत केस धू.

मनीषा मात्र तुटली. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना माझ्या अंगावरून निघून गेली आणि त्यानंतर एका शब्दानं बोलली नाही. संक्रांत गेली, दिवाळी आली, भाऊबीजेला भावाकडं एकाच पंगतीला बसलो तरी तिनं मला वाढायचं टाळलं. मी तिला काय सांगू? मला माझं वागणं बरोबर वाटत होतं. तरी ओजसच्या आवडीचं तिखट अजून मी वेगळं कुटून ठेवते, सवयीनं.

निसारभाईंचं दुकान उभं राहिलं. मालकानं पुष्कळ कुरकुर केली, पण कायद्यापुढं चाललं नाही. पाटी तीच. नवे भोपळे माळ्यावर टांगले, लाकूड आणून ठेवलं. "हे मुरायला वीस वर्षं लागतात," ते म्हणाले. "जळालं ते माझ्या बापानं भरलेलं होतं. हे मी भरतोय, वाजवेल दुसरा कुणीतरी."

एके दुपारी ते एक सतार घेऊन माझ्या ओट्यावर आले. पहिलीच, नव्या दुकानातली. मी हळदकुंकवाची कुयरी आणायला उठले तर म्हणाले, "बसा. तार चढवायची नाही आज."

"मग?"

"ही अशीच ठेवा तुमच्याकडं. ओजू सुटून आला की त्याला म्हणावं, ही उचल आणि समोर आत नेऊन ठेव. त्यानं आत आणली की आम्ही दोघं बसून तारा चढवू."

"आणि नाही आणली त्यानं तर?"

"तर राहील तुमच्या गिरणीत," निसारभाई म्हणाले. "मिरची खात." आणि चहा न घेताच गेले.

मी ती आतल्या फळीवर ठेवली. गिरणीत सगळ्या गोष्टींवर तिखटाची पूड बसते, तशी तिच्यावरही बसायला लागली.

उन्हाळ्यात मसाल्याची गर्दी असते. रांगेत एक दिवस मनीषा दिसली. मिरच्यांची पिशवी तिनं न बोलता तराजूवर ठेवली. दुसरीकडं कुठं गेली नाही, एवढंच माझं नशीब. कुटून होईपर्यंत ती बाकावर बसून होती, आणि तिची नजर फळीवर गेली. ती सतार कसली, कुणासाठी, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असणार. आमच्या गल्लीत काही लपत नाही.

ती उठली. सतार खाली घेतली, मांडीवर आडवी धरली आणि पदरानं पुसायला लागली. भोपळा पुसला, दांडी पुसली, खुंट्या एकेक करून पुसल्या. मी कांडप बंद केलं. मग तिनं ती परत फळीवर नीट टेकवून ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"अक्का, हिच्यावर फडकं तरी टाकत जा."